वर्षाच्या आसपास बाळ दूध नको म्हणतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभर ज्या दुधावर बाळ वाढलं, त्याच दुधाकडे ते पाठ फिरवू लागलं की घरातलं सगळं बोलणं मिलीलीटरवर येतं. सकाळी ६० घेतलं, दुपारी काहीच नाही, रात्री झोपेत ९०. असा हिशेब ठेवणाऱ्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ती वेळेवर जन्मलेल्या, एरवी तब्येतीने बऱ्या असलेल्या बाळांना धरून लिहिली आहेत. बाळ फार आधी जन्मलं असेल किंवा त्याला हृदयाचा, मूत्रपिंडाचा, पचनाचा काही जुना आजार असेल, तर आकडे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच धरा.

परवापर्यंत आवडीने दूध पिणारं बाळ आता नको का म्हणतं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याची वाढच मंदावलेली असते, आणि ती या वयात मंदावायलाच हवी. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण २५ ते ३५ ग्रॅमने वाढतं. वर्षाच्या सुमारास ही वाढ रोज १० ग्रॅमच्याही आत येते. जन्माला सव्वातीन किलोचं असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला साडेनऊच्या आसपास जातं, पण पुढच्या अख्ख्या वर्षात त्यात जेमतेम अडीच किलोची भर पडते. उंचीचंही तसंच: पहिल्या वर्षी २५ सेंटीमीटर, दुसऱ्या वर्षी साधारण १२. सुरुवातीच्या महिन्यांत पोटात गेलेल्या ऊर्जेतला तिसरा हिस्सा नुसत्या वाढीत खर्च होतो, वर्षाच्या सुमारास तो शंभरात पाचाच्या आत येतो. मग भूक आधीसारखी राहील कशी?

त्यात आता घरचं जेवण सुरू झालेलं असतं. पोट तेवढंच, त्यात वाटेकरी वाढले. शिवाय बाळ उभं राहायला, धरून चालायला शिकत असतं. पंधरा मिनिटं एका जागी आडवं पडून दूध पिणं त्याला नकोसं होतं. कुणी दारातून आलं, कुठे भांडं पडलं, की त्याची मान तिकडे वळते आणि दूध अर्ध्यावर राहतं.

हे वयानुसार कमी होणं आहे की काही बिघडलंय, कसं ओळखायचं?

दूध किती वेगाने कमी झालं ते आधी पाहा. दोन-तीन आठवड्यांत एकेक वेळ गळत गेली, बाळ जेवतंय, खेळतंय, शू नेहमीसारखी होतेय, तर ते वयाचं आहे. काल सकाळपर्यंत नीट पिणाऱ्या बाळाने आज एकदम तोंड फिरवलं, तर त्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

मग बाळ नकार कसा देतं ते बघा, कारण तिथेच बरंच कळतं. भूक नसलेलं बाळ ओठ मिटतं, मान वळवतं, बाटलीचं निपल जिभेने बाहेर ढकलतं, नाहीतर हसत हसत मांडीवरून खाली उतरायला बघतं. ज्याला दुखतंय ते बाळ वेगळं वागतं: भुकेने येतं, तोंड लावतं, दोन घोट घेतं, एकदम अंग ताठ करतं आणि रडत मागे रेलतं. थोड्या वेळाने पुन्हा मागतं, पुन्हा तसंच. असं दिसलं तर कान, घसा आणि तोंड डॉक्टरांना दाखवा. चोखताना आणि गिळताना कानातला दाब बदलतो, त्यामुळे कान ठणकत असेल तर दूध पिणं बाळाला छळच वाटतो.

या वयात नेमकं किती दूध लागतं?

एक आकडा सांगता येत नाही आणि सगळे देशही एकच आकडा सांगत नाहीत. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलांसाठी ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला दिवसाला ३५० मिली दुधाचा आहे. अमेरिकेत ४८० ते ७२० मिली सांगतात. कॅल्शियमचंही तेच: या वयाला ब्रिटन ३५० मिलिग्रॅम धरतं, अमेरिका ७००. दोन्हीकडची मुलं नीट वाढतात. म्हणून ४०० मिली पिणाऱ्या बाळाच्या घरी 'अजून १०० हवंच' म्हणून रोज रडारड होत असेल, तर ती थांबवा असं मी मनापासून सांगेन.

हिशेब सोपा आहे. १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ३०० ते ४०० मिली दूध, किंवा त्यातलं काही दूध आणि काही दही, इतकं दिवसभरात गेलं आणि जेवण बरं असलं तर चालतं. वरची मर्यादा मात्र नीट पाळा. ७०० मिलीच्या पुढे दूध जात असेल तर ते फायद्याचं राहत नाही. त्याबद्दल पुढे आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मोजता येत नाही आणि मोजूही नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दुसऱ्या वर्षात आईच्या दुधातून मुलाच्या गरजेची साधारण एक तृतीयांश ऊर्जा मिळू शकते. बाकीची जेवणातून यायची असते.

अंगावर पिणाऱ्या बाळाने एकाएकी तोंड फिरवलं. त्याने स्वतःहून दूध सोडलं का?

बहुतेक वेळा नाही. मूल आपणहून दूध सोडतं तेव्हा ते आठवड्या-महिन्यांनी सोडतं. आधी दुपारचं जातं, मग संध्याकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. वर्षाच्या आत किंवा आसपास एका दिवसात सगळं बंद झालं, तर तो बहुधा तात्पुरता रुसवा असतो. दोन ते चार दिवस, कधी आठवडाभरही चालतो आणि बहुतेक बाळं पुन्हा पिऊ लागतात.

कारणं शोधताना आधी बाळाचं तोंड बघा. हिरड्या सुजल्या आहेत का, गालाच्या आत किंवा जिभेवर फोड आहेत का, पुसून न जाणारा पांढरा थर आहे का. मग नाक: चोंदलं असेल तर पिताना श्वास घेता येत नाही, त्यामुळे बाळ चिडून सोडून देतं. नंतर स्वतःकडे या. साबण, क्रीम, अत्तर बदललंय का? पाळी परत सुरू झाली का? पुन्हा दिवस गेलेत का? गरोदरपणात दूध कमी होतं आणि चवही बदलते, त्यामुळे वर्षाचं मूल तोंड वाकडं करू शकतं. बाळ चावलं आणि तुम्ही दचकून ओरडलात, तर काही बाळं त्यालाच घाबरतात. तुमची कामावरची वेळ बदलली, घर बदललं, घरातल्या कुणाच्या आजारपणाच्या गडबडीत बाळ चार दिवस दुसऱ्याकडे राहिलं, हेही पुरतं.

उपाय धीराचे आहेत. बाळ झोपेच्या गुंगीत असताना किंवा नुकतं जागं होत असताना अंगावर घ्या. तेव्हा ते विचार न करता प्यायला लागतं. खोलीत अंधार आणि शांतता ठेवा. बाळाला उघड्या छातीशी नुसतं धरून बसा, पाजायचा आग्रह न करता. काही बाळं उभ्याने, चालता चालता पितात. डोकं धरून तोंड छातीवर दाबू नका. ते एकदा केलं की रुसवा हटकून लांबतो. भूक लागेल तेव्हा पिईल म्हणून उपाशीही ठेवू नका.

या दिवसांत बाळ ज्या वेळी प्यायचं त्या वेळी दूध पिळून काढा आणि ते पेल्याने द्या. दूध टिकतं, छातीत गाठी होत नाहीत आणि बाळाच्या पोटातही जातं. बाटली शक्यतो टाळा, कारण तिथे कमी कष्टात धार येते आणि परत अंगावर येणं अवघड होतं.

बाळ खरंच हळूहळू सोडतंय. मी चालू ठेवायला हवं का?

जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि वाटलं तर पुढेही, जेवणाबरोबर अंगावर पाजायला सांगते. तुमची इच्छा असेल तर सकाळची आणि रात्रीची वेळ धरून ठेवा. लक्ष विचलित होण्याच्या वयात याच दोन वेळा शेवटपर्यंत टिकतात. बाळाने सोडलंच तर वर्षानंतर त्याची भरपाई जेवणाने आणि साध्या दुधाने होते. त्यात तुमचं काही चुकलं असं मानायचं कारण नाही.

बाटलीतून पितं, पेल्यातून अजिबात नाही. बाटलीच चालू ठेवू का?

वर्षाच्या सुमारास पेला सुरू करून दीड वर्षापर्यंत बाटली सुटलेली बरी. तोंडात बाटली घेऊन फिरणारं किंवा झोपणारं मूल दिवसभर दातांवर दुधातली साखर धरून ठेवतं, आणि किडायला लागतात ते नेमके वरचे पुढचे दात.

बदल करताना दुपारची बाटली आधी काढा. तिच्यात बाळाचा जीव सगळ्यात कमी अडकलेला असतो. रात्रीची शेवटी. उघड्या लहान पेल्यात दोन घोट भरतील इतकंच दूध घाला. बाळ दोन्ही हातांनी पेला धरेल, नाकापर्यंत नेईल, निम्मं छातीवर सांडेल आणि पेला पालथा करून तळ बघेल. तळाशी तेवढंच असेल तर तुम्हालाही त्याला करू द्यायला जमतं. पेल्यावर आल्यावर काही आठवडे दुधाचं प्रमाण घटतं. पुष्कळ घरी 'दूध सोडलं' म्हणतात ते खरं तर हेच असतं, आणि हात बसला की प्रमाण पुन्हा थोडं वाढतं.

पावडरचं दूध आवडीने प्यायचं, गाईचं तोंडात घेत नाही. काय करू?

चव वेगळी आहे, म्हणून. आईच्या दुधात आणि बाळांच्या बहुतेक पावडरच्या दुधात शेकडा ७ च्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, गाईच्या दुधात पाचाच्या आत. बाळाला ते कमी गोड लागतं. नेहमीच्या दुधात आधी चौथा भाग गाईचं मिसळा, चार-पाच दिवसांनी निम्मं, मग चारातले तीन भाग. पावडर मात्र डब्यावर लिहिलेल्या पाण्यातच आधी तयार करायची आणि मग त्यात दूध मिसळायचं. पावडर थेट दुधात कालवू नका, फार घट्ट होतं. काहींना कोमट हवं असतं, काहींना उलट गारच आवडतं. दोन्ही देऊन बघा.

वर्षानंतर 'मोठ्या बाळांचं' म्हणून विकलं जाणारं पावडरचं दूध निरोगी मुलाला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते देऊ नये असंच म्हटलं आहे. दूध साय न काढलेलं, पूर्ण स्निग्धांशाचं द्या. दोन वर्षांपर्यंत मलईविरहित दूध हे मुख्य दूध नको.

साखर किंवा चॉकलेटची पावडर घालून दिलं तर पितं. देऊ?

नको. दोन वर्षांच्या आत वरून साखर लागत नाही. आणि गोड दुधाची सवय लागली की साध्या दुधाकडे परतणं अवघड होतं.

दूधही नको, जेवणही चार घास. असं कसं चालेल?

या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त बळजबरी होते. तीन माणसं एका बाळाभोवती: एक हात धरतो, एक मोबाइल दाखवतो, एक चमचा कोंबतो. बाळ घास गालात धरून बसतं, मग उलटी काढतं. घरच्यांचा हेतू चांगला असतो. पण बाळ त्यातून एकच शिकतं, की जेवणाची वेळ म्हणजे झटापट.

क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात नुकती दूध सुटलेली बाळं घेऊन एक प्रयोग सुरू केला आणि १९३९ मध्ये त्याचा आढावा मांडला. १५ मुलं होती आणि ३४ साध्या, साखर न घातलेल्या पदार्थांची यादी. समोर ताटल्या ठेवायच्या आणि मूल बोट दाखवेल तेच भरवायचं. मुलांची जेवणं मोठ्यांना विचित्र वाटतील अशी होती. एका वेळी नुसती अंडी, दुसऱ्या वेळी नुसतं फळ. दुधाचंही कधी खूप, कधी नाममात्र. तरीही मुलं चांगली वाढली. यात विसरू नये अशी गोष्ट म्हणजे ताटात वाईट काही ठेवलेलंच नव्हतं. मुलाची निवड शहाणी ठरली, कारण निवडायला दिलेलं सगळं चांगलं होतं.

घरी याचा अर्थ असा: काय, केव्हा आणि कुठे हे तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, हे बाळ ठरवेल. दिवसातून तीन जेवणं आणि एक-दोन मधली खाणी, दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं, आणि मधल्या वेळात दूध, रस, बिस्किटं नाहीत, फक्त पाणी. एका दिवसाऐवजी आठवड्याचा हिशेब धरा. नवा पदार्थ दहा-बारा वेळा समोर आल्यावर कुठे आपला वाटतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच 'याला आवडत नाही' असा शिक्का मारू नका.

आमच्याकडे उलट आहे. जेवण नको, दिवसभर दूधच हवं.

खरी काळजी करायची ती इथे. दुधात लोह जवळजवळ नसतं, लीटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. वर्षानंतर मुलाला रोज साधारण ७ मिलिग्रॅम लागतं. दुधाने पोट भरतं, लोहाचं जेवण जात नाही. जे थोडं जातं त्यातलं लोह दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन नीट शोषू देत नाहीत. काही मुलांना जास्त गाईच्या दुधाने आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होतो. मूल गुटगुटीत दिसतं, पण फिकट, चिडकं, लवकर दमणारं होतं, कधी माती खातं. अशी चिन्हं असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. दूध ५०० मिलीच्या आत आणा, जेवणानंतर द्या, आणि मांस, मासे, अंडी, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं तुमच्या घरी चालणारं काहीतरी रोज ताटात ठेवा. त्याबरोबर लिंबू, टोमॅटो किंवा संत्र्यासारखं आंबट फळ दिलं तर डाळी-भाज्यांतलं लोह जास्त अंगी लागतं.

दूध बंदच झालं तर दह्या-चीजवर भागेल का?

भागेल. वाटीभर दही म्हणजे वाटीभर दूधच धरा. चीजमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, पण मीठही असतं, म्हणून थोडंच. जेवण शिजवताना दूध घातलं तरी ते पोटात गेलंच. दुग्धजन्य काहीच चालत नसेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेलं, बिनसाखरेचं सोयाचं पेय त्यातल्या त्यात जवळचं आहे. बदामाचं, ओटचं, तांदळाचं पेय दिसायला दूध असलं तरी त्यात प्रथिनं फार कमी असतात. फक्त त्याच्यावर या वयाचं मूल ठेवू नका. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर दूध कमी झालं म्हणून किंवा वर्ष झालं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

जागेपणी पीत नाही, झोपेत मात्र सगळं संपवतं. तसंच पाजत राहू?

बाटलीने नको. रात्री लाळ कमी सुटते, दूध दातांवर राहतं. आडवं पाजल्याने ठसका लागण्याची आणि कानात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. शिवाय रात्री पोट भरलं की दिवसा भूक लागत नाही, आणि मग तुम्ही पुन्हा रात्रीकडे वळता. रोज ३० मिलीने कमी करत आणा. दिवसाची भूक आठवड्याभरात वाढलेली दिसते.

दुधाची ॲलर्जी असेल का?

गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी बहुधा पहिल्याच वर्षात, गाईचं दूध किंवा त्याची पावडर पहिल्यांदा दिल्यावर दिसते: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, उलट्या, शीतून रक्त, न हटणारा इसब. दही-दूध महिनोन्महिने पचवणाऱ्या बाळाला नुसता कंटाळा आला असेल तर ती ॲलर्जी नव्हे. मोठ्या जुलाबानंतर मात्र काही आठवडे लॅक्टोज पचत नाही आणि दूध घेतलं की फेसाळ, पातळ शी होते. ते आपोआप भरून येतं. अंगावरचं दूध त्या काळातही थांबवायचं नसतं.

बाळ सोडतंय, पण मलाच ते सोसत नाही.

छाती दुखत असेल तर आराम वाटेल इतकंच पिळा, पूर्ण रिकामी करू नका. तापासह लाल, गरम, दुखरा भाग आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाचं म्हणाल तर रडू येणं, चिडचिड होणं अगदी साहजिक आहे. त्यात संप्रेरकांचाही भाग असतो. रोजची ती कुशीतली दहा मिनिटं बंद करू नका. दुधाशिवायही बाळ कुशीत येतं. उदासी दोन आठवड्यांनीही हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर स्वतःसाठी मदत घ्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं, आणि काय सांगायचं?

सहा ते आठ तास शू नाही, तोंड कोरडं, रडताना पाणी येत नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय किंवा पाण्याचा घोटही ठेवत नाही, यातलं काहीही दिसलं तर लगेच. श्वासाला धाप, हिरवी उलटी किंवा शीतून रक्त असेल तरी लगेच. घास किंवा दूध घेताना दरवेळी ठसका लागतो, वजन दोन-तीन महिने जागच्या जागी आहे किंवा वाढीच्या तक्त्यावर खालच्या रेषांकडे घसरतंय, आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरतंय, तर त्या आठवड्यात दाखवा. सर्दी-तापात दूध कमी होणं नेहमीचं आहे. बरं झाल्यावर दोनेक आठवडे रोज एक जास्तीचं खाणं द्या, भूक भरून निघते.

जाताना तीन दिवसांची नोंद न्या: काय खाल्लं, किती प्यायलं, किती वेळा शू आणि शी झाली. जन्मापासूनच्या वजनांचा तक्ता न्या. आणि जमलं तर बाळ दूध नाकारतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ. दवाखान्यात बाळ घाबरून सगळंच नाकारतं, त्यामुळे घरी ते मान कशी वळवतं, कुठल्या घोटाला रडतं, हे डॉक्टरांना त्यातूनच दिसतं.